कारखान्यावर

पाव्हण्याच्या ओठाला पाणी लागायच्या आत त्याची जमीन विचारावी, ही कुठली रीत? बायनाबाईला आपल्या लेकाचं, बद्रीनाथचं, हे असलंच आवडत नसे. पन्नाशी ओलांडली, सरपंचकी करून झाली, पण जीभ काही वळणावर आली नाही. बसला होता खुर्चीत पाय पसरून, जसा काही पाव्हणा दाखला मागायला आलाय.

पाव्हणे आष्टीकडचे. आसाराम आणि त्याची बायको मनकर्णा. त्यांची शिवकन्या बीडला दवाखान्यात नर्स होती, अन् बायनाबाईचा नातू अभिमन्यू तिच्याशिवाय दुसरी बघायला तयार नव्हता. अख्ख्या तेलगावात पोरांना पोरी मिळेनात, आणि चालून आलेल्या सोयरिकीला बद्रीनाथ चाळणी लावत बसला होता.

आसारामनं आडपडदा ठेवला नाही. रान थोडंच, तेही कोरडवाहू. दिवाळी झाली की नवरा-बायको ऊस तोडायला कारखान्यावर. पोरगी त्यातच शिकवली.

बद्रीनाथ हसला. कारखान्यावर आमचे दादाही होते, म्हणाला, पण नोकरीला. तोडीवाल्यांशी सोयरीक आमच्या घराण्यात बसत नाही.

"कोणत्या खात्यात व्हते?" आसारामनं साधंच विचारलं.

ते बद्रीनाथला कुठं ठाऊक? वडील, म्हणजे दादा, जाऊन जमाना झाला. त्याला आठवायचं एवढंच की, लहानपणी दिवाळी सरली की त्याला लिंबागणेशला आजोळी ठेवायचे आणि आजी सांगायची, गेलेत कारखान्यावर. पुढं शिवारात कॅनॉल आला, घरचाच ऊस उभा राहिला, बायनाबाईच्या अंगावर इरकल आली. कारखान्यावरचा माणूस म्हणून गावानं दादांना परस्पर साहेब करून टाकलं. बायनाबाई कुणाशी खोटं बोलली नव्हती. खरं विचारायलाच कुणी आलं नाही, अन् साहेबाची बायको होण्यात वाईट काय होतं?

दाराशी उभ्या अभिमन्यूचं तोंड एवढंसं झालं. ते बघितलं आणि बायनाबाईला राहवलं नाही. ती मनकर्णाकडं वळली.

"याचं मनावर घेऊ नका. आमच्या पोराला किती दिवस अर्धा कोयता ठेवायचा? लगीन लावून टाकू."

मनकर्णाचा कप ओठाशीच थांबला. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. ही मोजणी उसाच्या फडातली. सरपंचाच्या आईच्या तोंडी ती आली कुठून? मनकर्णाला हसू फुटलं.

"मावशी, तुमी कोणत्या टोळीला व्हता?"

बद्रीनाथ भडकला. "टोळी कसली? माय, सांग यांला, दादा कोणत्या खात्यात व्हते."

बायनाबाईनं डोईवरचा पदर सारखा केला. इतक्या वर्षांची साहेबीण बसल्या जागी उतरवून ठेवली आणि तिला एकदम लई हलकं वाटलं.

"खात्यात न्हाई रे, फडात. आता पाय आखड, अन् व्याह्याच्या हातावर साखर ठेव. तुझा बाप अर्धा कोयता व्हता, बद्री, अन् राह्यलेला अर्धा ही तुझी माय."