डावी वायर उजवीकडे

“आता डावी वायर उजव्या स्पीकरला लाव, आणि उजवी डाव्याला,” आजी म्हणाल्या.

टेक्निशियन टीव्हीच्या मागे अर्धा आत, अर्धा बाहेर होता. आपणच चुकीचं ऐकलं असं वाटून तो धूळ झटकत बाहेर आला.

“आजी, डावी डाव्यालाच लावतात. नाहीतर माणूस दिसणार एकीकडे आणि आवाज येणार दुसरीकडून.”

“कळतंय मला. लाव तू.”

सोफ्यावर बसलेल्या लेकीने टेक्निशियनकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ त्याला लगेच कळला, कारण दारातच तिने त्याला गाठलं होतं. बाबा गेल्यापासून आई एकटी राहते. दूध उतू जातं, परवा किल्ल्या फ्रिजात सापडल्या. भावाचं म्हणणं, आता तिला वृद्धाश्रमात ठेवावं. आई म्हणते, मला या घरातून आडवीच न्या. लेक चार दिवस राहून बघणार होती आणि आज भावाला काय ते कळवणार होती. “तुम्हीही जरा लक्ष ठेवा,” ती म्हणाली होती, “बाहेरच्या माणसाला पटकन कळतं.”

आपण बरं आणि आपल्या वायरी बऱ्या, अशातला तो माणूस. पण एकदा सांगितल्यावर लक्ष जातंच.

त्याने प्लेअरची केबल अँप्लिफायरला लावली, अँप्लिफायरची टीव्हीला. स्पीकरच्या वायरीचं टोक सोलून तारा नीट पिळल्या. एक केसाएवढी तार जरी शेजारच्या खाचेला टेकली तरी सगळा खेळ खलास. मग नाइलाजाने डावी उजवीकडे नेली आणि उजवी डावीकडे.

हा सगळा घाट एका डिस्कसाठी होता. बाबा वाद्यवृंदात होते, सगळ्यात मागच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून, दोन मोठ्या नगाऱ्यांवर. त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाची ती डिस्क.

“जन्मभर पहिल्या रांगेत बसून ऐकलंय हिने,” लेक हळूच म्हणाली. “व्हायोलिनं डावीकडे, जाडे आवाज उजवीकडे. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि आता हे.”

“मागचे दोन स्पीकर कुठे लावतोस?” आजींनी विचारलं.

“तुमच्या खुर्चीच्या मागे. टाळ्या, खोकणं, खुर्च्यांची करकर, सगळं मागून येतं. लोकांत बसल्यासारखं वाटतं.”

“मला नाही बसायचं लोकांत. ते पुढे घे. टीव्हीच्याही पलीकडे, खिडकीपाशी.”

“ऐकलंत?” लेक पुटपुटली. “माणसंच नकोशी झालीत तिला.”

आजींनी तोवर खुर्ची ओढत मागच्या भिंतीला टेकवली. धडधड आवाजाचा तो मोठा डबा, सबवूफर, तोही त्यांनी खुर्चीला खेटून ठेवायला लावला.

“आजी, तो इतका जवळ नसतो ठेवायचा. हाडं खिळखिळी होतील.”

“झालीच आहेत.”

“आई, अगं तो जाणकार माणूस सांगतोय ना? किती हट्ट करशील?”

“त्याला येतं ते तो करतोय, मला हवं ते मी सांगतेय. यात हट्ट कसला?”

टेक्निशियन वायर वाढवायला बाहेर आला तशी लेकही मागोमाग आली. तिने विचारायच्या आधीच तो म्हणाला, “ताई, लहान तोंडी मोठा घास घेतोय. पण डावं-उजवं, पुढचं-मागचं, सगळंच उलटं झालंय हो त्यांचं. माझ्या आजीचं असंच सुरू झालं होतं.”

लेकीचे डोळे भरले. तिला फार वाईट वाटलं, आणि कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं, त्याचं आणखी वाईट वाटलं. तिने भावाला फोन लावला. “हो रे. मीही आता तेच म्हणते. बघ कुठे जागा मिळते का.”

आतून आजींची हाक आली. “लावा की आता.”

त्याने डिस्क लावली. आजींनी डोळे मिटले.

असल्या जोडण्या करून तो कंटाळला होता. मालिका काय नि चित्रपट काय, आवाज म्हणजे आवाज. पण आजींच्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकून तो उभा राहिला आणि त्याच्या अंगावर काटा आला. व्हायोलिनं उजवीकडून उठली, जाडे सूर डावीकडून. संगीत अंगावर येत नव्हतं, आपल्यापासून पुढे, लांब कुठेतरी निघालं होतं. मग त्याच्या पायाशी नगारा घुमला. भिंत थरारली, फरशी थरारली. एवढं मोठं काहीतरी आपण आजवर नुसतं चुकीच्या बाजूने ऐकत आलो, असं त्याला वाटलं, आणि का वाटलं ते त्यालाच सांगता येईना. दारात लेक कानाला फोन लावून उभी होती.

शेवटचा ठोका पडला. खिडकीकडून टाळ्यांचा लोंढा समोरून आला, आणि त्या लोंढ्यातून एका बाईचा खणखणीत आवाज:

“वा रे माझ्या राजा!”

लेकीने तो आवाज ओळखला. फोनमधून भाऊ हॅलो हॅलो करत राहिला.

आजींनी डोळे उघडले. ते ओले होते, पण त्या हसत होत्या.

“मी तुझ्या बाबाला खोटारडा म्हणायचे गं,” त्या लेकीला म्हणाल्या. “पण माझी हाक खरंच ऐकू येते, इथे नगाऱ्यांपाशी.”