दोन कुलपांचं फाटक

हासबागान चहाचा वाडगा पुढे करून उभा होता आणि दोल्गोर तो घेत नव्हती.

"घ्या वहिनी," तो म्हणाला. "गार होतोय."

दोल्गोरने वाडगा घेतला आणि सगळा चहा त्याच्या बुटांवर ओतला.

"पुन्हा वहिनी म्हणालास तर जीभ उपटून हातात देईन."

दोन्हीकडचे साहेब लोक दुसरीकडे बघू लागले. दर वसंतात हेच व्हायचं. सरहद्दीच्या तारेच्या अलीकडे, उत्तरेला, मंगोलिया, पलीकडे, दक्षिणेला, चीन, आणि दोन्हीकडची माणसं मंगोलच, भाषा एकच, त्यामुळे शिवी समजली नाही असं म्हणायची सोयही नव्हती. गवताला आग लागली तर माणसांना आणि जनावरांना पलीकडे पळता यावं, म्हणून दोन्ही सरकारांनी मिळून तारेत एक फाटक बसवलं होतं. त्याला कुलपं दोन. एक उत्तरेकडच्या माणसाने उघडायचं, एक दक्षिणेकडच्या. दोन्ही निघाली तरच फाटक उघडायचं. वर्षातून एकदा दोन्हीकडची माणसं इथे जमत, कुलपांना तेल घालत आणि मैत्रीची भाषणं करत.

"अगं, पाहुणे आहेत ते," तालुक्याचा अध्यक्ष तिच्या कानाशी पुटपुटला.

"माझ्या नवऱ्याला भाजलं यांनी. आता चहा पाजतायत."

हासबागानने बूट गवताला पुसले.  

काही वर्षांपूर्वी आग उत्तरेकडून आली होती. तेव्हा इकडची किल्ली दोल्गोरच्या नवऱ्याकडे, जांबलकडे असायची. दोल्गोर स्वतः आजारी आईकडे गेली होती. जांबल एकटाच मेंढ्या हाकत फाटकाकडे पळाला, हे शेजाऱ्यांनी लांबून पाहिलं होतं. आग विझल्यावर लोक तिथे पोचले, तेव्हा दोन्ही कुलपं बंद होती. तारेला चिकटून मेंढ्यांचा कोळसा झालेला. त्याचा घोडाही त्यातच. माणूस म्हणून ओळखावं असं काही उरलंच नव्हतं.

पलीकडची किल्ली हासबागानकडे असायची. चौकशीत तो एवढंच म्हणाला, "मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता."

त्यानंतर दोन्ही देशांनी शहाणपण केलं. आग अडावी म्हणून तारेच्या उत्तरेला रुंद पट्टा नांगरून काढला. फाटकाला इकडच्या बाजूचं नवीन कुलूप आलं आणि त्याची किल्ली दोल्गोरने हट्टाने मागून घेतली.

"तुला कशाला हा ताप?" अध्यक्षाने विचारलं होतं.

"कधीतरी वारा दक्षिणेकडून वाहील," ती म्हणाली होती.

बैठक संपून महिनाही झाला नसेल, आणि तो वाहिला.

भर दुपारी दक्षिणेचं आभाळ तपकिरी झालं. दोन्हीकडचे जवान पश्चिमेला मोठी आग अडवायला गेले होते. दोल्गोरने मोटरसायकल काढली, नांगरलेला पट्टा धडपडत ओलांडला आणि फाटकाशी आली. पलीकडे हासबागान होता. त्याच्या मागे मेंढ्यांचा लोंढा, धूर, आणि धुरात कुणीतरी ओरडत होतं.

ती तारेपासून दोन हातांवर थांबली.

"वहिनी, कुलूप काढा."

"का?"

"आग आलीय मागे."

"जांबलच्याही मागे आलीच होती की."

हासबागानचे डोळे लाल झाले होते. "हवं ते बोला मला. नंतर बोला. लेकरू आहे बरोबर."

"का उघडलं नाहीस तेव्हा? एवढं सांग. खरं सांग आणि ये इकडे."

 आगीचा आवाज आता ऐकू येऊ लागला होता, सुकं गवत तडतडल्याचा. दोल्गोरने या क्षणाची इतकी वाट पाहिली होती, की आपण काय बोलणार, कसं वळणार, कसं मागे न बघता निघून जाणार, हे सगळं तिला पाठ होतं. ती वळलीसुद्धा.

तेवढ्यात धुरात एक पोर खोकलं. मग खोकता खोकता रडायला लागलं.

"मेल्या, तुझं तळपट होवो," दोल्गोर म्हणाली. परत फिरून तिने कुलपात किल्ली घातली आणि ते ओढून काढलं. "घे! आता तुझं काढ."

हासबागानचा हात त्याच्या कुलपावर होता, पण तो हलेना.

"तुम्ही जा आता, वहिनी," तो म्हणाला. "पट्ट्यापलीकडे जा. आम्ही येतो मागून."

"काय?"

"जा म्हणतोय. इथे थांबू नका."

"माझ्या हातून जीव वाचवून घ्यायची लाज वाटतेय होय रे? मग मर! मी इथेच उभी राहणार. तुझ्या घरातला एकेक माणूस माझ्या समोरून जाऊ दे. या डोळ्यांनी बघायचंय मला."

"निदान पाठ तरी फिरवा." त्याचा आवाज फाटला. "नाही बघवणार तुम्हाला."

"काढ कुलूप!"

त्याने मागे पाहिलं. ज्वाळा आता टेकडीच्या अलीकडे उतरल्या होत्या. त्याने डोळे मिटले आणि किल्ली फिरवली.

फाटक उघडताच मेंढ्या एकमेकींच्या अंगावर चढत आत घुसल्या. दोल्गोर बाजूच्या खांबाला धरून उभी राहिली. मेंढ्यांमागून एक बाई आली. तिला दोल्गोरने कधी पाहिलं नव्हतं. ही हासबागानची धाकटी बहीण, उयुंगा. तिच्या कडेवर चार-पाच वर्षांची मुलगी होती, काजळीने माखलेली. दोल्गोरला काय वाटलं कोण जाणे, तिने स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून पोरीचं तोंड पुसलं.

"रडू नको, बाळा. आलीस ना तू. झालं आता."

पोर थांबेना. तिने हात लांब करून धुराकडे हाक मारली, "बाबा!"

"येतोय बाबा," दोल्गोर म्हणाली. "बघ, आलाच."

शेवटच्या मेंढ्या हाकत एक माणूस फाटकातून आत आला. नाकातोंडावर त्याने ओला फडका बांधला होता. खोकल्याची उबळ आली तशी त्याने तो खाली ओढला, श्वास घ्यायला मान वर केली, आणि जागच्या जागी थिजला.

"दोल्गोर," जांबल म्हणाला.