चमचाभर चहा

बाबांचं गिळणं बंद झालं आणि चहा नाकातल्या नळीतून थेट पोटात जायला लागला. तरी आई तो चाखूनच द्यायची. मी सिरिंज रिकामी केली की बाबा गंभीरपणे निकाल द्यायचे, "साखर जास्त झाली." सोमवारी मात्र ते म्हणाले, "एक चमचा तोंडात घाल रे." मी खाटेला टांगलेल्या तक्त्यावर बोट ठेवलं, "तोंडावाटे काही नाही. नियम म्हणजे नियम." मग रोज तेच मागणं, रोज तेच बोट. शुक्रवारी बाबा झोपलेले असताना नर्सने तक्त्याचा कागद उलटला. "अहो, चमचाभर चाखायला चालेल असं डॉक्टरांनी सोमवारीच पाठीमागे लिहिलंय." बाबा जागे होताच मी चमचा भरून आणला. बाबांनी डोळे मिटून तो घोट बराच वेळ घोळवला. "परवानगी कधी मिळाली?" "आत्ताच," मी खाली बघत म्हणालो. तेव्हापासून ते शेजारच्या खाटेला सांगताहेत, "माझ्यासाठी पोरगं डॉक्टरांशी भांडलं हो."