शेपटीचा केस

धाकट्या मालकांनी मोटार घेतली आणि म्हाताऱ्या मालकांची घोडी विकायला काढली. तिची निगा राखायला मोतद्दार होता. इतकी वर्षं पहाटे खरारा, पाणी, मग तोंडाला तोबरा बांधून हरभऱ्याची चंदी, आणि तिच्याशी अखंड गप्पा. आता काय मोटारीला खरारा करायचा? गिऱ्हाईक यायच्या आत त्यानं तिच्याच शेपटीचा केस उपटून पुढच्या पायाला खुराच्या वर आवळून बांधला. "बाई, जरा नाटक कर," तो पुटपुटला. घोडी अशी लंगडली की गिऱ्हाईक आल्या पावली परतलं. धाकटे मालक चरफडत आत गेले. मोतद्दार केस सोडायला वाकला, तर काठी टेकत म्हातारे मालक समोर उभे. त्यांनी पाय चाचपला, केस सोडवून बोटावर गुंडाळला. मोतद्दारानं हात जोडले. "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय," मालक हळूच म्हणाले. "पुन्हा बांध, पण इतका आवळू नकोस. तिला लागतं."