मागचे पुढे

इस्पितळाचा जुना प्रोग्रॅम एका संगणकी भाषेत होता, नवा दुसऱ्या भाषेत. ऑपरेशनसाठी थांबलेल्यांची यादी या भाषेतून त्या भाषेत नेताना कुणीतरी ती रांग म्हणून न नेता नुसता संच म्हणून नेली होती. संचात नावं सगळी राहतात, क्रम राहत नाही. प्रोग्रॅम सांभाळायचं काम तिचं; दिवसभर डोळ्यांत तेल घालून शोधल्यावर तिला ती चूक सापडली.

“नावं आहेत ना सगळी? मग झालं तर!” साहेब म्हणाले.

“नावं आहेत हो. पण मागचे पुढे गेलेत आणि पुढचे खोळंबलेत.”

“मग टाक दुरुस्त करून आणि जा घरी. चेहरा बघ कसा उतरलाय.”

तिनं दोन ओळी बदलल्या. तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला.

“ताई, देव पावला! बाबांचा नंबर एकदम वर आलाय, परवाचीच तारीख दिलीय. आज चक्क पोटभर जेवले गं ते. बॅग भरायला घेऊ ना?”

ती पडद्याकडे बघत राहिली. बदल अजून लागू व्हायचा होता. दोन दिवस उशीर झाला असता तरी कुणी विचारलं नसतं.

तिनं कळ दाबली.

“बॅग राहू दे,” ती म्हणाली. “मी निघालेच. बाबांशी मलाच बोलू दे.”