कानावरचे टाके

"जेवताना समोर हे मुंडकं? घास कसा उतरायचा बाई!" नणंद शालनच्या कानाशी पुटपुटली.

शालनचा नवरा खुर्चीवर चढून सांबराचं भुसा भरलेलं डोकं भिंतीवर टांगत होता आणि पानांवर बसलेले पाहुणे वाहवा करत होते.

काचेच्या डोळ्यांनी, रंगवलेल्या नाकानं सांबर भलतंच रुबाबदार दिसत होतं. पण डाव्या कानावर वेड्यावाकड्या टाक्यांचा व्रण होता, आणि वाढता वाढता शालनचा हात थांबला. ते टाके तिचे होते. कुत्र्यांनी फाडलेला पाडसाचा कान तिनंच गोधडीच्या सुईनं शिवला होता. मोठा झाल्यावर सोन्याला रानात सोडलं, तरी तिची हाक ऐकली की तो परसात यायचा, गुळासाठी पदर ओढायचा. दिवाळीनंतर आला नाही. "बिबट्यानं नेला असेल," म्हणत नवरा तिच्यासोबत त्याला शोधत रानभर हिंडलाही होता.

"पार पलीकडच्या घाटातला हा," नवरा खाली उतरत म्हणाला. "कडे चढून माग काढला. काय पळत होता गडी!"

"पळाला?" शालननं विचारलं.

सासूबाई भाकरी कुस्करत राहिल्या. स्वयंपाकीण लगबगीनं आत गेली.

नणंदेनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "पुरे कर, दादा. पळाला नाही तो. तू हिच्यासारखी हाक मारलीस, गूळ पुढे केलास, म्हणून आला."