डिसेंबरातला कूलर

प्रशिकच्या हेडफोनमध्ये पुन्हा घरघर सुरू झाली. त्यानं एक वायर उपटली, दुसरी खोचली, दोन बटणं फिरवली. घरघर जागची हलली नाही. म्हणजे बाबांनी कूलर लावला.

महिना डिसेंबरचा. नागपुरातल्या बेसा भागातली पोरं स्वेटर घालून शाळेत चाललेली, आणि याच्या घरी खिडकीतला लोखंडी कूलर सुरू.

प्रशिकचा धंदा आवाजाचा. खोलीची एक भिंत मॉड्युलर सिंथेसायझरनं भरलेली. म्हणजे बटणांचे डबेच डबे आणि ते एकमेकांना जोडणारा रंगीत वायरींचा गुंता. बाबा त्याला टेलिफोन एक्सचेंज म्हणायचे. लग्नाचा सीझन तोंडावर आला होता आणि वरातीत गाडीवरून वाजवणाऱ्या एका धुमाल पार्टीला त्याच्याकडून एकदम खालचा आवाज पाहिजे होता. मूळ स्वराच्या एक सप्तक खाली चालणारा, कानापेक्षा छातीत जास्त वाजणारा. गाडी गल्लीत शिरायच्या आधी लोकांच्या खिडक्या नाचल्या पाहिजेत, अशी ऑर्डर. प्रशिक तो स्वर काढायचा, फिल्टर लावून वरची किरकिर छाटायचा, खालचा गाभा तेवढा ठेवायचा. नेमकी त्याच गाभ्यात कूलरची घरघर येऊन बसायची. मोटर फिरायची बाबांच्या खोलीत, पण घरातलं वायरिंग एक, त्यामुळे ती मशीनमध्ये उतरायची. फिल्टरनं घरघर काढायला जावं तर स्वरही जायचा.

तो उठला, दार उघडलं आणि बाबांच्या खोलीत गेला. रोजचंच होतं ते.

शालिकराम कानटोपी घालून, अंगाभोवती सोलापुरी चादर गुंडाळून पलंगावर बसले होते. कूलरचं तोंड त्यांच्याकडे. प्रशिकनं बटण बंद केलं आणि डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण करून दिली. मागच्या महिन्यातच छाती भरली होती. पुन्हा भरली तर घरी औषध नाही, सरळ भरती, असं त्यांनी बजावलं होतं.

"मले आवाजाबगर झोप येत नाही गा," शालिकराम म्हणाले. "जनम मागाच्या खटखटीत गेला माया."

ते खरंच होतं. जुन्या नागपुरात, महाल भागाच्या मागच्या गल्लीत त्यांचा हातमाग होता. दिवसभर खटखट, आणि दारातून जाणारा प्रत्येक माणूस घटकाभर टेकून जायचा. इथं तिसऱ्या मजल्यावर जाणारं येणारं कोणी नाही. सून मेघा सकाळी बँकेत जायची ती संध्याकाळी यायची. प्रशिक घरातच, पण दाराआड. एकदा हेडफोन चढवले की दारावर हातोडा मारा, त्याला पत्ता नाही.

मग बाबा म्हणाले, आलाच आहेस तर पाय जरा दाबून दे. मग थर्मासमधला चहा निघाला. मग गल्लीतल्या धोंडबाच्या बकरीनं तयार लुगडं कसं खाल्लं, ते पुन्हा एकदा झालं. प्रशिक मशीनपाशी परत गेला तेव्हा धरलेला सूर हातातून गेलेला.

त्या आठवड्यात बाबांचा खोकला वाढला. कूलरचा प्लग काढून ठेवला तर तो त्यांनी परत लावला. ओरडून काही होईना. तेव्हा प्रशिकच्या डोक्यात किडा वळवळला.

बाबा मेघासोबत दवाखान्यात गेले तेवढ्यात त्यानं कूलरची मोटर आणि पंखा खोलला. रिकाम्या डब्यात एक मोठा स्पीकर बसवला आणि कूलरच्या बटणाला जोडून दिला. आवाज मशीनवर घरीच बनवला. पहिला फारच गोड झाला, भजनातल्या पेटीसारखा. मग त्याच्या एक सप्तक खालचा सोडला, फिल्टर जवळपास मिटवला, पंख्याचं पातं डगमगतं तशी हलकी लचक दिली. डबा थरथरायला लागला. वारा मात्र फुंकरभरही नाही.

बाबांनी आल्यावर बटण दाबलं. कूलरच्या तोंडासमोर हात धरून पाहिला.

"वारा काहून नाही फेकून राहिला हा?"

"थंडीत मोटर सुस्त राहते, बाबा," प्रशिक म्हणाला. चेहरा एकदम सरळ.

"असन," बाबा म्हणाले.

मेघा स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसली.

डाव जमला. खोकला उतरत गेला, डॉक्टर खूश झाले. हेडफोनमध्ये घरघर नाही, उठणं नाही, बसणं नाही. रोज दुपारी पलीकडे कूलर वाजत असायचा, अलीकडे प्रशिकचं दार बंद. धुमालचा आवाज असा जमून आला की स्टुलावरचा पाण्याचा ग्लास आपोआप सरकत काठापर्यंत जायचा. बापाला गंडवलं म्हणून तो मित्रांमध्ये मिश्या पिळत फिरला.

मग एका दुपारी हेडफोनमध्ये असा कडकडाट झाला की त्यानं ते कानावरून ओढून फेकले. कूलरची घरघर याच्यापुढे अंगाईच म्हणायची. तो धावतच बाहेर आला.

आवाज स्वयंपाकघरातून येत होता. कानटोपी घातलेले शालिकराम मिक्सरच्या झाकणावर दोन्ही हात दाबून उभे होते. मिक्सर पूर्ण जोरात. भांड्यात काहीच नव्हतं. ओट्यावर थर्मास होता आणि दोन कप भरून ठेवलेले.

"बाबा, रिकामा मिक्सर काहून चालवून राहिले?"

शालिकरामांनी बटण बंद केलं. एक कप त्याच्याकडे सरकवला.

"कूलर लावला तर तू आता येत नाही गा."